नरसय्याची पाठ

नरसय्याला "आज ऊन फार आहे" असं म्हटलं, तरी तो आधी विचारायचा, "कोण सांगितलं तुमाला?" मग तो आभाळाकडे बघायचा, नंतर माझ्याकडे बघायचा, आणि आमच्या दोघांपैकी कुणावरही विश्वास न ठेवता कारखान्यात निघून जायचा.

मी तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागात एका शिक्षणसंस्थेच्या शाळेत शिकवत होते. गाव मोडनिंब, घरचं कुणी सोबत नाही. राहायला अन्नाच्या माडीवरची एक खोली. अन्ना म्हणजे नरसय्याचा थोरला भाऊ. बोलायला कडक, पण भाडेकरूच्या वाटेला न जाणारा. खाली त्याचा कारखाना, म्हणजे चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या मागांची एक रांग. माग चालू असले की माझी मांडणीवरची भांडी दिवसभर हलत. सुट्टीच्या दिवशी सगळं गप्प झालं की मलाच कसंतरी व्हायचं. आणखी एक आधीच सांगून टाकते. मीही काही भोळी नव्हते. परक्या शहरात एकटी राहणारी बाई संशयी नसेल तर तिचं कठीण असतं. त्यामुळे नरसय्या माझ्यावर नजर ठेवून असे आणि मी नरसय्यावर.

अंगानं वाळका, केसांत कायम सुताची पिंज, आणि पाठ कायम भिंतीला. हॉटेलात गेला तर कोपऱ्यातलं बाकडं रिकामं होईपर्यंत उभा राहायचा, पण दाराकडे पाठ करून बसायचा नाही. सायकलवरून जाताना मागं इतक्या वेळा वळून बघायचा, की पुढचं खांबाला धडकून कळायचं. लग्नाचं वय उलटून चाललं होतं. एके ठिकाणी मुलगी बघायला गेला, मुलगी खरोखरच छान होती, तर तिच्या बापाला म्हणाला, "एवढी चांगली पोरगी हाय तर मला कशाला द्यायलाव?" त्या माणसाला उत्तर सुचलं नाही आणि सोयरीक तिथंच मोडली. अन्ना पुढं कित्येक दिवस त्याच्याशी बोलला नाही. नरसय्याचं म्हणणं एकच, "उत्तर देता आलं न्हाई म्हंजे काहीतरी हुतंच की."

हा माणूस बँड काढणार असं ऐकलं तेव्हा मला वाटलं लग्नाचा बँड. लाल कोट, पितळी कर्णे, पुढं नाचणारे मामेभाऊ. गल्लीलाही तसंच वाटलं. पण नरसय्याच्या डोक्यात भलतंच होतं. त्याच्याकडे एक जुना रेडिओ होता आणि त्यावर तो परदेशी स्टेशनं लावायचा. तिथं कुठंतरी त्यानं ती गोऱ्या पोरांची आरडाओरड्याची गाणी ऐकली, रॉक म्हणतात ती. शब्द त्याला एक कळत नव्हता. रेडिओची खरखर मात्र पुष्कळ होती, आणि ती खरखर गाण्यातच आहे असं तो समजून चालला होता. "बाई, गोड गाणं लागलं की समजायचं, कोणतरी काहीतरी लपवायलंय," तो मला एकदा जिन्यात म्हणाला. "ही पोरं लपवीत न्हाईत. वरडून सांगत्यात." काय सांगतात, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ते कळलं असतं तर मी कशाला ऐकलो असतो?"

गोड गाण्यावरच्या रागाला कारण होतं. पूर्वी तो एका ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवायचा. त्यानं बसवलेली एक चाल दुसऱ्याच ऑर्केस्ट्रानं त्याच्या आधी वाजवली. चोरली, की आपसूक जुळली, देव जाणे. ती चाल मला त्यानं गुणगुणून दाखवली होती, आणि खरं सांगायचं तर लग्नातल्या निम्म्या चाली तशाच असतात. पण तिथून नरसय्याचा माणसांवरचा उरलासुरला विश्वास उडाला. चर्चमधले एक मास्तर गाव सोडून पुण्याला चालले होते, त्यांच्याकडून त्यानं गिटार घेतली, तिला रेडिओचे कसलेसे भाग जोडले, तुपाच्या रिकाम्या डब्यात कर्णा बसवला. तार छेडली की सगळ्या गल्लीतले रेडिओ एकदम कण्हायला लागत.

आता सोबतीला माणसं हवीत. नरसय्यानं ती कशी निवडली ते सांगितलंच पाहिजे. येणाऱ्या प्रत्येकाला तो बाजूला घ्यायचा आणि एक खोटी गोष्ट 'फक्त तुलाच' म्हणून कानात सांगायचा. मग ती फिरून कुठून कानावर येते याची वाट बघत बसायचा. एका क्लॅरिनेटवाल्याला त्यानं सांगितलं, अन्ना माग विकणार आहे. संध्याकाळी दोन व्यापारी अन्नाच्या दारात. क्लॅरिनेटवाला गेला. तबलजीला सांगितलं, माझं लग्न ठरलंय. दुसऱ्या दिवशी तबलजीची मावशी साड्यांची चौकशी करायला घरी आली. तबलजीही गेला. पेटी वाजवणारा शिवाप्पा अक्कलकोटकडचा, किराणा दुकानदाराचा मुलगा, बोलता बोलता मराठीतून कन्नडमध्ये जाणारा. त्याला सांगितलेली गोष्ट तो दोन दिवसांनी नरसय्यालाच सांगायला आला. "तुझ्याबद्दल कोणतरी असं बोलायलंय री, संभाळून राहा." आपल्याला ती कुणी सांगितली हे तो साफ विसरला होता. नरसय्यानं त्याला ठेवून घेतलं. म्हणाला, ह्याला चोरी जमायची न्हाई.

आणि शेवटी आला रज्जाक. दिवसा मिलमध्ये मागावर, पाळी सुटली की नरसय्याकडे. रंगाची रिकामी पिंपं पालथी घालून तो असं काही वाजवायचा की ऐकणाऱ्याचे पाय हलायला लागत. बोलणं मात्र नाहीच. काही विचारलं की माणसाच्या तोंडाकडे बघत हसायचा आणि मान डोलवायचा. त्याला नरसय्यानं एक सोडून चांगल्या तीन-चार भानगडी सांगून बघितल्या. एकही परत आली नाही. "विहिरीत दगड टाकलो बाई," नरसय्या मला म्हणाला, आणि त्याचा आवाज चक्क भरून आला होता, "आवाजच आला न्हाई." आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाबद्दल असं बोलत होता. मला बरं वाटलं, आणि लगेच शंकाही आली. इतकं पोटात ठेवणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

बँडचं नाव ठेवलं 'धोटा'. मागात इकडून तिकडे सूत घेऊन धावतो तो. तालीम मात्र अशी की जगात कुणी केली नसेल. कारखाना बंद असताना वाजवलं तर गल्लीत ऐकू जाणार, आणि ऐकू गेलं की कुणीतरी चाल चोरणार. म्हणून नरसय्या तालीम ठेवायचा ती माग चालू असतानाच. त्या खडखडाटात शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. कामगार तिथं ओठांनी आणि हातांनी बोलतात. त्यात हे तिघं सुताची गाठोडी ठेवायच्या फळ्यांच्या ओट्यावर बसून वाजवत. नरसय्या पाठ भिंतीला लावून, तोंड दोघांकडे करून. एकेकाच्या हाताकडे टक लावून बघायचा, जणू आत्ता कुणीतरी काहीतरी उचलणार आहे. आणि अनवाणी टाच फळीवर आपटत राहायचा. मी एकदा खाली जाऊन खुणेनं विचारलं, तुम्हाला तुमचं तरी ऐकू येतंय का? तो बाहेर आला आणि म्हणाला, "ऐकायचं नंतर बघू. हे मशीन जन्मल्यापासून आमच्या डोक्यात बोलायलंय बाई. आमच्या घरात कोण कोणाला काय बोललं, कोणाला ऐकूच गेलं न्हाई. एकदा त्याच्यावर आवाज काढायचा हाय. बस."

रॉक म्हणजे काय हे मला पुढंही कुणी नीट सांगितलं नाही. मी ह्याच वाक्यावर भागवते.

गाणंही त्यानंच केलं होतं. तीनच ओळी, पुन्हा पुन्हा.

कोण बोलतंय? मी न्हाई.
कोण ऐकतंय? तू न्हाई.
मग ह्यो आवाज कुणाचा हाय?

दिवस आणीबाणीचे होते. चहाच्या दुकानात दोन माणसं हळू बोलायला लागली की तिसरा उठून जायचा. आमच्या शाळेतसुद्धा मास्तरमंडळी दार लोटून मग बोलायची, आणि बोलायची ती हवापाण्यावर. अशा दिवसांत माग चालू असताना तीन माणसं कारखान्यात रोज जमतात, खिडक्या लावून घेतात, आणि त्यातला एक मिलमधला. मी खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं की गाणं हा बहाणा असावा आणि खाली पत्रकं छापत असावेत. एकदा तर मी फरशीला कान लावून बघितला. मागांचा खडखडाट तेवढा ऐकू आला. त्याच्या तळाशी एक दणका होता, ठरलेल्या वेळी पडणारा. ती टाच असणार हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्या वर्षी सिद्धेश्वराच्या जत्रेत, जिच्या मैदानाला सोलापुरात गड्डा म्हणतात, एका मंडळानं करमणुकीचे कार्यक्रम ठेवले आणि 'धोटा'ला अर्धा तास मिळाला. अन्नानं आमच्या सगळ्यांसमोर धाकट्या भावाला सांगितलं, "लोक ऐकले तर वाजव, मी तोंड उघडणार न्हाई. लोक हसले तर गिटार विकायची आणि भिवंडीला मामाच्या कारखान्यात जायचं. हितं माझं तोंड दाखवायला जागा ठेव." भिवंडीला त्याला कुणी गाऊ देणार नव्हतं हे त्यालाही माहीत होतं आणि अन्नालाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी साध्या कपड्यातला एक पोलीस कारखान्यात आला आणि त्यानं गाण्याचे शब्द मागितले. वाचून म्हणाला, "हा आवाज कुणाचा? कुणाबद्दल आहे हे?"

"मागाबद्दल साहेब," नरसय्या म्हणाला.

तो माणूस दोन क्षण चालू मागांकडे बघत राहिला, त्याचं डोकं उठलं असावं, आणि गेला. खरी गोष्ट अशी की गड्ड्यावर गाणाऱ्या सगळ्यांकडेच त्यानं शब्द मागितले होते, भजनी मंडळालाही सोडलं नव्हतं. पण नरसय्याला एवढंच दिसलं की आपल्या तिघांतलं गाणं बाहेर गेलं. शिवाप्पाला चोरी जमत नाही. राहिला कोण?

मी जत्रेत पुढच्या रांगेत होते. मंडळानं स्टेजवर जाड जाजम घातलं होतं. नरसय्यानं नवे बूट घेतले होते. शिवाप्पानं त्याला बजावून ठेवलं होतं की लोकांकडं तोंड करून उभं राहायचं असतं री, भिंतीला टेकून काय बसतोस. आणि नरसय्या, ज्यानं जन्मात कुणाकडे पाठ केली नव्हती, तो पुढं येऊन उभा राहिला. रज्जाक आणि शिवाप्पा त्याच्या पाठीमागे.

पहिली ओळ बरी गेली. मग काहीतरी बिनसलं. गिटार पुढं निघाली, पिंपं मागंच राहिली. रज्जाक मन लावून वाजवत होता, पण भलताच कुठला तरी ताल. शिवाप्पाची पेटी मधल्यामध्ये अडकून गप्प झाली. लोक आधी एकमेकांकडे बघायला लागले, मग हसायला. मागून शिट्टी आली. कोणीतरी ओरडलं, "आरं कारखान्याला जावा की!" मी अन्नाकडे बघितलं. तो खाली मान घालून टोपी नीट करत होता.

नरसय्या थांबला, गर्रकन वळला, आणि माईक तोंडासमोर असतानाच म्हणाला, "रज्जाक, किती दिवस झालं तू त्यांचा माणूस हाईस?"

सगळ्या गड्ड्यानं ते ऐकलं. रज्जाकनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, नेहमीसारखा हसला, आणि मान डोलवली.

नरसय्या स्टेजवरून उतरला आणि गर्दीतून निघून गेला. मला रज्जाकचा इतका राग आला की मी तिथून उठले. हसून कबूल करायचं म्हणजे काय?

गिटार घ्यायला अन्नानं एक गिऱ्हाईक बघून ठेवलं. भिवंडीला निरोप गेला. नरसय्या मात्र त्या दिवसांत घरात दिसेना. तो रज्जाकच्या मागावर होता, हे आणि पुढचं मला त्यानंच नंतर सांगितलं. रज्जाक कुठल्या पोलिसाला भेटतो, कुठल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून काय घेतो, हे त्याला पकडायचं होतं. मिलच्या फाटकाबाहेर उभा राहायचा, पानाच्या टपरीआड थांबायचा. रज्जाक कुणालाच भेटत नव्हता. मिलमधून घरी जायचा, बस. फक्त एक गोष्ट नरसय्याच्या नजरेला आली. मागून टांगा आला, घंटा वाजली, टांगेवाला शिव्या देत ओरडला, आणि रज्जाक रस्त्याच्या मधोमध तसाच चालत राहिला.

दुसरा कुणी असता तर त्यानं एवढ्यावरून ओळखलं असतं. पण नरसय्याला वाटलं, हेही सोंग असेल. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी त्यानं रज्जाकला बोलावून घेतलं, तुझी पिंपं घेऊन जा म्हणून. रज्जाक पाठमोरा होऊन पिंपं उचलायला लागला. नरसय्यानं लोखंडी टोकाचा एक धोटा घेतला आणि त्याच्या मागं शहाबादी फरशीवर जोरात टाकला. मी माडीवर दचकले. रज्जाक वळला नाही. दुसरा टाकला. मग तिसरा. रज्जाक शांतपणे पिंपाची दोरी बांधत होता.

थोड्या वेळानं नरसय्या जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. मी पाणी दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं.

"त्याला ऐकू येत न्हाई बाई," तो म्हणाला. "मिलमधीच कान गेले. कधीचेच. सांगितला असता तर मी काढून टाकला असतो, म्हणून सांगितला न्हाई."

तो पुढं म्हणाला, "म्हंजे मी सांगितलेलं बाहेर गेलं न्हाई ते ह्याच्यामुळं. भरवशाचा म्हणून नव्हं. ऐकूच आलं नव्हतं त्याला. सगळ्या गावात एका माणसावर इश्वास टाकलो, तोबी असा."

मग मी विचारलं, "पण ऐकू येत नव्हतं तर तो एवढे दिवस वाजवत कसा होता?"

नरसय्यानं मान वर केली. डोळे लाल झाले होते. "तेच विचारलो त्याला. ओठ हलवून, हळू. तर मला म्हणतो, 'मैं तो तेरा पाँव देखके बजाता नरसू. फळी को पाँव लगाके. तू बराबर मारता ना, मेरेको क्या फिकर.' माझं एक गाणं त्यानं ऐकलं न्हाई बाई. माझ्या पायावर बसला हुता. आणि तितं स्टेजवर मी बूट घालून त्याला पाठ केलो."

एवढं बोलून तो रडला. संशयी माणूस रडतानाही इकडं तिकडं बघतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. मलाही फार वाईट वाटलं. माझा गड्ड्यावरचा राग आठवून आणखी वाईट वाटलं.

आमच्या शाळेचं संमेलन जवळ आलं होतं. मी हेडमास्तरांना सांगून शेवटी पाव तास मिळवला. हेडमास्तरांनी गाण्याचे शब्द आधी मागितले. मागाचं गाणं आहे म्हटल्यावर त्यांनी ते न वाचताच सही केली, किंवा वाचून न वाचल्यासारखं केलं. अन्नानं गिटार तेवढ्यापुरती ठेवली. "पुन्हा हसू झालं तर दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचं," एवढंच म्हणाला. माझी करमाळ्याला बदली झाल्याचं तोवर कळलं होतं, त्यामुळे पुढचं काही मला बघायला मिळणार नव्हतं.

पटांगणात लाकडी बाकं जोडून त्यांच्यावर फळ्या टाकलेल्या. पोरांचे आईबाप जमलेले, बहुतेक सगळे मागावरचे किंवा मिलमधले. नरसय्या स्टेजवर आला, अनवाणी. जाजम त्यानं स्वतः गुंडाळून बाजूला ठेवलं. रज्जाक मागच्या बाजूला पिंपांपाशी बसला, पाय उघड्या फळीवर, आणि शिवाप्पा पेटी घेऊन त्याच्या शेजारी. आणि नरसय्या सगळ्या पटांगणाकडे पाठ करून रज्जाकसमोर उभा राहिला.

"हिकडं तोंड कर की!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

नरसय्या वळला नाही. तसाच म्हणाला, "तिकडं बघितलो तर ह्याला कोण बघणार?"

आणि त्यानं टाच आपटली.

मला गाण्यातलं कळत नाही. ते चांगलं होतं का, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. कर्कश होतं, एवढं नक्की. पण ते एकत्र होतं. कारखान्याबाहेर मी त्यांना एकत्र असं पहिल्यांदाच ऐकत होते, आणि बहुधा नरसय्याही. कोण बोलतंय, मी न्हाई, असं तो रज्जाकच्या तोंडावर ओरडत होता, आणि रज्जाक त्याच्या पायाकडे बघत पिंपं बडवत होता. पुढं बसलेला एक म्हातारा विणकर उठला, स्टेजपाशी गेला आणि त्यानं फळीवर तळहात ठेवला. मला आधी वाटलं हा आता ह्यांना थांबवणार. पण तो हात ठेवून नुसता उभा राहिला. मग आणखी एक गेला. ज्यांचे कान मागांनी खाल्ले होते, ते एकेक करून स्टेजच्या कडेला जमले. कुणी हसलं नाही.

अन्ना सगळ्यात शेवटी गेला. त्यानं आधी टोपी नीट केली, आजूबाजूला कोण बघतंय ते बघितलं, आणि मग फळीला हात लावला. त्याला भावाचं गाणं आवडलं, की त्यालाही कानानं कमी येत होतं आणि त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ही शंका मला अजून आहे. गिटार विकली नाही आणि नरसय्या भिवंडीला गेला नाही, एवढं मला पुढं कळलं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं करमाळ्याला निघाले. निरोप घ्यायला त्याला भेटायचं राहूनच गेलं. त्यामुळे नरसय्याचं नाव निघालं की त्याचा चेहरा मला नीट आठवत नाही. आठवते ती त्याची पाठ. घामानं भिजलेला सदरा, आणि आम्हा सगळ्यांना खुशाल दाखवलेली पाठ.